रताळ्यांचे गाव

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहा, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. वर्गात जपानला जाऊन आलेली मी एकटीच. वर्गातच कशाला, आमच्या गावातही दादा सोडला तर मीच. तेव्हा लिहिणे भागच होते. पण बुलेट ट्रेन, टोकिओचे उंच मनोरे यांतले मी फारसे काही पाहिलेले नाही. फुजी पर्वत दिसला तो एकदाच, दादाच्या इमारतीच्या जिन्यातून, आणि तोही डोंगर आहे की ढग यावर आमचा वाद झाला. अकरावीत 'पूर्वरंग' वाचल्यापासून पु. लं.चा जपान माझ्या डोक्यात होता. मी पाहिला तो सहा चटयांच्या खोलीतला.

तिकीट खरे तर आईसाठी होते. दादा २०२२ साली गेला तो परत आलाच नव्हता. बारावीनंतर तो एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. मग त्याने जपानी भाषेचा वर्ग लावला, परीक्षा दिल्या आणि सायतामा प्रांतातल्या एका वृद्धाश्रमात त्याला काम मिळाले. जपानमध्ये दर शंभर माणसांत एकोणतीस माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यांना उठवायला, न्हाऊ घालायला, भरवायला हात कमी पडतात, म्हणून २०१९ पासून परदेशी माणसांसाठी हा नवा परवाना सुरू झाला. मुदत पाच वर्षांची आणि घरच्यांना राहायला नेता येत नाही. थोडे दिवस भेटायला जाता येते. पैसे साठवून दादाने आईला बोलावले, तर आई म्हणाली, "म्हशीला कोण बघंल? हिला पाठव. ही बघून येईल तो कसा राहतो ते. फोनवर काय, सगळं बरंच असतंय." अशी मी आईचे डोळे होऊन २०२५ च्या मे महिन्यात, पहिल्या वर्षाची परीक्षा आटोपून, विमानात बसले.

पहिले दोन दिवस मी नुसती चुकत होते. बाहेरची चप्पल घरात घातली. संडासातली सपाता घालून खोलीभर फिरले. ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला, तर दादाने तो पुन्हा उपसला. तिथे जाळायचा कचरा वेगळा, प्लॅस्टिक वेगळे, बाटल्या वेगळ्या आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. बाटलीचे टोपण काढायचे, कागद सोलायचा, बाटली धुवायची. आमच्याकडे पाहुण्यांचे पेलेसुद्धा इतके धुतले जात नाहीत!

गाडीत कुणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही भावंडे तीन वर्षांनी भेटलेलो, पण कुजबुजत बोलायचो. एकदा गाडी बरीच भरली होती, माणसे उभी होती, तरी दादाच्या पलीकडची जागा मोकळीच राहिली. मी विचारले, "कुणी बसत का नाही?" तो म्हणाला, "बरं असतं की, पिशवी ठेवता येते." एवढे बोलून त्याने खरेच पिशवी ठेवली. मला ते आवडले नाही. पण गाडीतून उतरलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ, मी चुकून सोडलेली छत्री घेऊन, फलाटाच्या टोकापर्यंत आमच्या मागे धावत आले. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या. तेव्हा ते लोक कसे आहेत असे कुणी विचारले की मला एका वाक्यात सांगता येत नाही.

आम्ही माळकरी. आजोबांपासून घरात माळ आहे. त्यामुळे तिथे खायचे काय, हा मोठाच प्रश्न. कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडी दुकाने असतात, त्यांना 'कोंबिनी' म्हणतात. (नाव ऐकून मी आधी वेगळाच अर्थ घेतला होता.) तिथे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, 'ओनिगिरी', साधारण दीडशे येनला एक. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात. त्या क्रमाने ओढले की समुद्रशेवाळाचे कुरकुरीत पान आपोआप भाताभोवती बसते. मला त्या करामतीचेच इतके कौतुक वाटले की आत काय आहे हे विसरले. दादाने ते हातातून काढून घेतले आणि दुसरे दिले, आंबट फळाचे. स्वतः मात्र पहिलेच खाल्ले. ते माशाचे होते.

मी काही बोलले नाही. त्याच्या गळ्याकडे पाहिले. शर्टाचे बटण लावलेले होते. रात्री खोलीवर आजीचा फोटो पाहिला आणि त्या फोटोलाच तुळशीची माळ घातलेली दिसली. आजी २०२३ साली गेली तेव्हा दादाला येता आले नव्हते. कुणीतरी फोन धरला होता, त्यात त्याने सगळे पाहिले. तेव्हा ही माळ आजीसाठी असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेवीस मे, वैशाख वद्य एकादशी. दादाला सुटी होती. "चल, तुला उपासाच्या गावाला नेतो," म्हणाला. ते गाव म्हणजे कावागोए. तोबू कंपनीची गाडी तिथे जाते. १८९३ साली मोठी आग लागून या गावाचा मोठा भाग जळाला. जाड मातीच्या भिंतींच्या वखारी तेवढ्या वाचल्या. मग व्यापाऱ्यांनी नवी दुकाने तशीच बांधली, काळी, बुटकी, जड दारांची. मध्ये लाकडी घंटामनोरा आहे. तो दिवसातून चार वेळा वाजतो: सकाळी सहा, दुपारी बारा आणि तीन, संध्याकाळी सहा.

आणि रताळी! भाजलेली, तळलेली, वाफवलेली, रताळ्याचे आइस्क्रीम, रताळ्याचे पेढ्यासारखे काहीतरी. जुन्या काळी इथली रताळी होड्यांतून नदीमार्गे टोकिओला, म्हणजे तेव्हाच्या एदोला, जायची. त्या रताळ्यांवर एक गमतीचा हिशेब आहे. चेस्टनट नावाच्या गोड फळाला जपानीत 'कुरी' म्हणतात आणि 'पेक्षा' या अर्थी शब्द आहे 'योरी'. 'री' म्हणजे आपल्या कोसासारखे अंतराचे माप. 'कु' म्हणजे नऊ, 'यो' म्हणजे चार; नऊ आणि चार तेरा. म्हणून रताळे हे 'कुरीपेक्षा गोड तेरा री'. आणि एदोपासून कावागोएही तेरा री, म्हणजे पन्नासेक किलोमीटर! हे सांगताना दादा अगदी आमच्या शाळेतल्या गुरुजींसारखा दिसत होता. हे त्याला वृद्धाश्रमातल्या एका आजींनी शिकवले. दादाचे नाव देवाचेच, पण त्यांच्या तोंडी 'वि'चा 'बि' होतो आणि शेवटच्या 'ल'चा 'रु'. दादा आता त्या नावालाही ओ देतो.

गोळ्याबिस्किटांची एक गल्लीच आहे तिथे. १९२३ च्या भूकंपात टोकिओचे मिठाईवाले उद्ध्वस्त झाले तेव्हा या गल्लीचा धंदा वाढला. हातभर काय, जवळजवळ मीटरभर लांब काळ्या साखरेच्या कांड्या पाहून मला जत्रेतली गोडीशेव आठवली. एका गाड्यावर माशाच्या आकाराचा गोड पदार्थ होता, 'ताईयाकी'. आत लाल घेवड्याचे चक्क पुरण! मासा नव्हे, पण मासाच. एकादशी म्हणून मी नुसता पाहिला.

चालताना खाणे तिथे बरे दिसत नाही. म्हणून तळलेल्या रताळ्याच्या लांब कापांचा पेला घेऊन आम्ही मनोऱ्याजवळ एका कडेला उभे राहिलो. तेल कसले होते, हे मी मुद्दामच विचारले नाही. तीनची घंटा झाली. लोक क्षणभर वर पाहून चालू लागले. तेव्हा दादा आपणहून बोलला.

"तू माळ बघितलीस ना?"

मी मान हलवली.

"पहिले तीन महिने भात, दही आणि केळी. नावं वाचून वाचून घ्यायचो. बटाट्याच्या वेफर्समध्येसुद्धा कोंबडीची पूड निघायची. एके दिवशी कामावर एका आजोबांना टबातून उठवताना मलाच चक्कर आली. ते पडले असते, गं. तिथल्या एका बाईंनी मला बसवलं आणि गरम सूप दिलं, सोयाबीनचं. प्यायलो. फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यात वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. सगळ्यातच असतं. त्या बाईंना काय म्हणणार? त्यांनी मायेनंच दिलं होतं. मग रात्री काढून ठेवली."

"आणि एकादशी?"

"ती धरतो. इथून रताळी नेतो."

थोड्या वेळाने म्हणाला, "मी रोज एका आजींना भरवतो. घास गिळेस्तोवर थांबायचं, घाई करायची नाही, आपण खाली बसायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर. हे सगळं शिकवतात. आपल्या आजीला मी एक घास दिला नाही."

मी रिकामा पेला हातात धरून उभी होते. रस्त्यावर कचऱ्याची पेटी नसते. दादाने पेला चेपून आपल्या पिशवीत टाकला आणि आम्ही किताइन मंदिरात गेलो. तिथे पाचशेहून जास्त अर्हतांच्या दगडी मूर्ती आहेत, एकीसारखी दुसरी नाही. कुणी हसतो, कुणी गाल धरून बसला आहे, एक जण दुसऱ्याच्या कानात काही सांगतो आहे. दादा त्या कुजबुजणाऱ्या मूर्तीपाशी बराच वेळ उभा राहिला. निघताना म्हणाला, "आईला सांगू नको हां."

जूनमध्ये, पालखी फलटणला पोहोचण्याआधी, मी परत आले. आईने बॅग उघडण्याआधीच विचारले, "एकादशी धरतो का गं तो?"

मी म्हणाले, "धरतो. तिथं रताळी चांगली मिळतात."

आई समाधानाने म्हशीकडे गेली. मी खोटे बोलले नव्हते, तरी त्या रात्री मला जेवण गेले नाही.

आईला हरिपाठ पाठ आहे, पण वाचता येत नाही. माझे काही छापून आले की ती मला वाचून दाखवायला लावते, चार बायका गोळा करून. म्हणून हा लेख देण्याआधी मी दादाला फोन केला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, तो नुकताच कामावरून आला होता. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दे छापायला. फक्त आईला वाचून दाखवशील ना, तेव्हा रताळ्यापाशी थांब."