उलटीं उदाहरणें

उजळणी हा शब्द उच्चारतांच विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी छाया पसरते, ती गणिताच्या प्राध्यापकास नवी नाहीं. पहिल्या वर्षास कलनशास्त्राचा आरंभ करावयाचा तर बीजगणित हातांत बसलेलें असावें लागतें, आणि तें पुष्कळांच्या हातांत बसलेलें नसतें. ७ − (क्ष − ३) यांतील कंस सोडवितांना तिनामागचें चिन्ह बदलावयास विसरणारे, किंवा 'क्षवर्ग = ५क्ष' या समीकरणास दोहों बाजूंनीं क्षनें भागून शून्य ही उकल गमावून बसणारे विद्यार्थी चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण होऊन आलेले असतात! त्यांना पुनः तींच उदाहरणें घालणें म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणणें होय.

म्हणून कांहीं वर्षें मी वर्गांत एक खेळ चालवीत आलों आहें. फळ्यावर पंचवीस चौकोन आंखावयाचे. चिन्हें, घातांक, अवयव, वर्गसमीकरणें व शाब्दिक उदाहरणें असे पांच स्तंभ. प्रत्येकांत १० पासून ५० पर्यंत गुण. आणि वर्गाचे चार गट. याचें मूळ 'जेपर्डी' या अमेरिकन दूरचित्रवाणीवरील खेळांत आहे. मर्व्ह ग्रिफिन यांनीं तो १९६४ सालीं सुरू केला. त्याआधींच्या दशकांत तिकडच्या अशाच कार्यक्रमांत स्पर्धकांना गुपचूप उत्तरें पुरविल्याचा मोठा बोभाटा झाला होता. तेव्हां ग्रिफिन यांच्या पत्नीनेंच सुचविलें म्हणतात कीं, मग उत्तरें उघडपणेंच द्यावीं आणि प्रश्न ओळखावयास सांगावें! हा खेळ वर्गांत आणतांना पुष्कळ शिक्षक गुणांचे चौकोन तेवढे घेतात आणि हा उलटेपणा सोडून देतात. मला तर तोच मोलाचा वाटतो.

'३ आणि −५' हें उत्तर मीं फळ्यावर लिहिलें व समीकरण मागितलें. एका गटानें 'क्षवर्ग + २क्ष − १५ = ०' असें मांडलें; दुसऱ्यानें '२क्षवर्ग + ४क्ष − ३० = ०'. झालें, भांडण जुंपलें. पुस्तकाच्या शेवटीं एकच उत्तर छापलेलें पाहण्याची संवय. दोन्ही खरीं कशीं असतील? मागल्या बांकावर मराठी शाळेंतून आलेला एक मुलगा बसे. 'फॅक्टर' म्हटलें कीं तो खालीं पाही. त्या दिवशीं फळ्यावर 'अवयव' असेंही लिहिलेलें होतें. तो उठून म्हणाला, "सर, दोन्ही बरोबर. अवयव तेच आहेत. बाहेरून शून्याखेरीज कशानेंही गुणा." चार महिन्यांत वर्गानें त्याचा आवाज प्रथमच ऐकला. कोणाला बीजगणित येत नाहीं आणि कोणाला केवळ त्याची इंग्रजी नांवें येत नाहींत, हें लेखी परीक्षेवरून मला इतकें स्वच्छ कधींच दिसलें नव्हतें.

मूळ खेळांतील घंटी मात्र मीं प्रथमपासूनच वगळली आहे. जो आधीं दाबील त्याचा मान, हा न्याय चपळाईचा; विचाराचा नव्हे. प्रत्येक गटास तीन मिनिटें मिळतात, आणि समजावून कोणीं सांगावयाचें तें मी ठरवितों. माझ्या एका स्नेह्यांस हा सारा प्रकार पोरकट वाटतो. शास्त्राचें गांभीर्य जातें, असें त्यांचें म्हणणें. त्यांना मी ब्रह्मगुप्ताची आठवण देतों. ६२८ सालच्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त असले प्रश्न सुखासाठीं आहेत असें त्यानेंच म्हटलें आहे, आणि सभेंत ते घालणाऱ्याचा गौरवही केला आहे. ज्याची ९२ पट करून १ मिळविला असतां पुनः वर्गच येतो असा वर्ग शोधा, हा त्याचाच प्रश्न. १२० चा वर्ग घेतला कीं ११५१ चा वर्ग मिळतो. जो हें एका वर्षांत सोडवील तो गणिती, असें तो म्हणतो. वर्षाची मुदत! तीन मिनिटें देणारा मी त्यापुढें कृपणच.

परवां पन्नास गुणांच्या चौकोनांत 'उत्तर नाहीं' एवढेंच उत्तर होतें. एका गटानें बराच खल करून 'क्षवर्ग + क्ष + १ = ०' हें समीकरण आणलें; दुसऱ्यानें अर्ध्या मिनिटांत 'क्ष = क्ष + १' लिहून कागद पुढें केला. इतक्या सोप्यास पन्नास गुण कसे, अशी पहिल्यांची तक्रार. त्यावर दुसऱ्यांतील एका मुलीनें विचारलें, "तुमच्या समीकरणाला काल्पनिक संख्यांत उत्तर आहे, आमच्याला कुठें आहे?" तास संपला तरी तो वाद जिन्यापर्यंत चालू होता.