आईचा गुडघा

आईने 30 वर्षे डोक्यावर विटा वाहिल्या. शेवटी गुडघ्यांनीच काम बंद केले. चाळीचे 2 जिने चढताना कठडा धरून ती रडू लागली, तेव्हा सांधा बदलायचे ठरले.

पहिल्या डॉक्टरांनी नेहमीची पद्धत सांगितली. वाटीच्या आतल्या बाजूने छेद घ्यायचा, मांडीच्या स्नायूच्या कंडरेला काप देऊन वाटी बाजूला सारायची. सांधा नीट दिसतो. दुसरे म्हणाले, "आम्ही स्नायू कापत नाही, खालून उचलतो. पेशंट लवकर चालतो." खर्च मात्र बराच जास्त. 'कापणार' या शब्दाने माझी झोप उडाली. बायकोने बांगड्या काढून ठेवल्या.

पुन्हा पहिल्या डॉक्टरांना सरळ विचारले. ते म्हणाले, "त्या पद्धतीत पहिले काही आठवडे दुखणे थोडे कमी असते. वर्षभराने फारसा फरक राहत नाही. जाड, आखडलेल्या पायाला ती अवघडच. सांधा दोन्हींत तोच बसतो, त्याची कमाल किंमत सरकारने 2017 साली ठरवून दिली. डॉक्टरचा हात ज्या पद्धतीत बसलेला, ती चांगली."

आई म्हणाली, "बांगड्या घाल सुनबाई. व्यायाम मी करते."

तिने केला. दात-ओठ खाऊन, रोज. चौथ्या महिन्यात ती एकटी जिना चढली.

वाचकहो, छेद कोणता ते जरूर विचारा. पण व्यायामाच्या वेळी आईजवळ कोण बसणार, तेही आधी ठरवा.