मानसगंगोत्रीतील गुरुजींची शाळा

म्हैसूरला येणारा प्रवासी राजवाड्यावरील दिव्यांची आरास पाहतो, चामुंडीच्या टेकडीवर अखंड पाषाणातून कोरलेल्या नंदीपुढे हात जोडतो, आणि देवराज मंडईतून मोगऱ्याचा गजरा व म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन परत फिरतो. कुक्करहळ्ळीच्या तळ्यापलीकडे तो सहसा जात नाही. तळ्याच्या पश्चिमेस म्हैसूर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर पसरला आहे. त्याला ‘मानसगंगोत्री’ हे रम्य नाव दिले ते कन्नड महाकवी कुवेंपू ह्यांनी. ह्याच भागात, हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, भारतीय भाषा संस्थान आहे. केंद्र सरकारने ते १७ जुलै १९६९ रोजी स्थापन केले; देवीप्रसन्न पट्टनायक हे त्याचे पहिले संचालक. शहराचे नाव कागदोपत्री आता ‘मैसूरु’ झाले असले, तरी मराठी जिभेवरचे म्हैसूर काही हलत नाही, आणि हलू नये असेच मला वाटते.

संस्थानाच्या छत्राखाली म्हैसूर, पुणे, पतियाळा व भुवनेश्वर येथे प्रादेशिक भाषा केंद्रे निघाली. निरनिराळ्या राज्यांतील शाळांचे शिक्षक तेथे दहा महिने राहून, आपली नसलेली एखादी भारतीय भाषा शिकतात. म्हैसूरच्या केंद्रात कन्नड, तमिळ, तेलुगू व मल्याळम. पुण्यास, डेक्कन महाविद्यालयाच्या आवारात, मराठी, गुजराती व सिंधी. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातील त्रिभाषा सूत्र यशस्वी व्हावे, परत गेलेल्या शिक्षकाने ती भाषा मुलांना शिकवावी, हा मूळ हेतू. उत्तरेकडील पुष्कळ शाळांनी तिसरी भाषा म्हणून संस्कृताचीच सोय पाहिली. त्यामुळे तो हेतू पुरता सफल झाला नाही, हे खरे. परंतु ह्या दहा महिन्यांचे दुसरे एक फळ आहे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते. वर्षानुवर्षे फळ्याकडे पाठ करून उभा राहिलेला मनुष्य येथे फळ्याकडे तोंड करून बसतो. प्रश्न कळतो, उत्तरही ठाऊक असते, पण शब्द सापडत नाही म्हणून मान खाली जाते. अशी खाली गेलेली मान त्याने स्वतःच्या वर्गात कितीदा पाहिली असेल, आणि तिला मठ्ठपणा हे नाव दिले असेल!

संस्कृताचा आधार आहे म्हणून निश्चिंत असणारा तर हमखास ठेच खातो. ‘अवसर’ हा एकच शब्द घ्या. मराठीत तो संधी किंवा सवड, मल्याळममध्येही संधीच. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज, आणि कन्नड व तमिळ माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ चक्क घाई! हिंदी भाषिक पिता ‘शिक्षा’ मिळावी म्हणून मुलाला शाळेत धाडतो. त्या शब्दाने मराठी आणि कन्नड मुलाला मात्र पळून जावेसे वाटेल. उलट, जेथे साम्याची अपेक्षा नाही तेथे ते अवचित भेटते. ‘मला कन्नड येते’ हे वाक्य कन्नडमध्ये ‘ननगे कन्नड बरुत्तदे’ असे होते. शब्द निराळे, भाषांची कुळे निराळी, परंतु दोन्हीकडे भाषा आपल्यापाशी चालत ‘येते’.

ह्या अभ्यासाचा खरा उपयोग लिंगविचारात दिसतो. कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी, आणि नद्या, डोंगर, झाडे, जनावरे सारी नपुंसकलिंगी. सरळ हिशेब! आमच्याकडे डोंगर तो, नदी ती आणि तळे ते. असे का, हे आम्हांलाही सांगता येत नाही. म्हणून अक्कलकोट किंवा जतकडील कन्नड घरातले मूल मराठी शाळेत ‘नदी मोठं आहे’ असे लिहून जाते. तांबडी शाई हाती घेतलेल्या शिक्षकाला त्यात चूक दिसते. कन्नड शिकलेल्या शिक्षकाला त्यात नियम दिसतो. मूल घरचा नियम प्रामाणिकपणे पाळीत आहे हे तो ओळखतो, आणि मराठीचा नियम त्याच्या शेजारी मांडून दाखवितो.

मात्र म्हैसूरहून नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर हेग्गडदेवनकोटेकडे गेले, की प्रश्न अधिक नाजूक होतो. कबिनीच्या जलाशयाभोवतीच्या रानांत जेनु कुरुब लोकांच्या वस्त्या आहेत. जेनु म्हणजे मध. मध गोळा करणे हा त्यांचा पिढीजात उद्योग. त्यांची बोली कन्नडच्या अगदी जवळची, आणि जनगणनेतही कुरुब हे नाव कन्नडच्याच पोटात मोजले जाते. हेच ह्या मुलांचे दुर्दैव! तमिळ मूल कन्नड वर्गात आले तर त्याची भाषा वेगळी आहे हे कोणालाही कळते. जेनु कुरुब मुलाची भाषा मात्र वेगळी न ठरता ‘अशुद्ध’ ठरते. अहिराणी किंवा वऱ्हाडी घरांतून आलेल्या वाचकांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

प्रादेशिक केंद्रांत मुख्यतः मोठ्या भाषा शिकविल्या जातात. अशा बोलींची वाट दुसरी आहे. ओडिशाने २००७ साली दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक वर्ग सुरू केले, तेव्हा त्या त्या समाजातील तरुणांना शिक्षक म्हणून घेतले. भाषा त्यांच्यापाशी होतीच. शिकविण्याची कला तेवढी द्यावयाची होती. जेथे असा शिक्षक नाही, तेथेही बाहेरून आलेल्या गुरुजींना काही करता येते. मधाच्या पोळ्याला, हत्तीला, पावसाच्या पहिल्या सरीला तुम्ही घरी काय म्हणता, हे विचारावयास दहा महिने लागत नाहीत. ते शब्द कन्नड लिपीत फळ्यावर लिहिता येतात, आणि त्यांच्यासमोर पुस्तकातले शब्दही.