व्हिक्टोरिया स्मारकाच्या बागेंत

आमच्या कनिष्ठ चिरंजीवांचें बिऱ्हाड नोकरीनिमित्त बंगालांत आहे आणि सूनबाई तेथल्याच. गेल्या पौषांत नातवाच्या ओढीनें आम्ही उभयतां तिकडे जाऊन आलों. त्या नगराचें नांव २००१ सालापासून सरकारी दप्तरीं कोलकाता झालें आहे. परंतु आमच्या जिभेस कलकत्ताच वळणीं पडलेलें, तेव्हां वाचकांनीं एवढी सवलत द्यावी.

एके सकाळीं व्याह्यांनीं आम्हांस व्हिक्टोरिया स्मारक पाहावयास नेलें. हे गृहस्थ आमच्याप्रमाणेंच निवृत्त शिक्षक. आम्हांस ‘मास्टरमोशाय’ म्हणून संबोधितात. बोलणें हिंदींत चालतें. तें अडलें म्हणजे आम्ही दोघेही संस्कृताचा आश्रय करतों, आणि मग घरांतील मंडळी हसतात.

मैदानाच्या दक्षिण टोकास ती शुभ्र वास्तु समोर आली तेव्हां क्षणभर पाय थबकले, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. ताजमहालास ज्या मकराण्याचा संगमरवर लागला तेथलाच हाही. ३३८ फूट लांब, २२८ फूट रुंद, आणि घुमटाच्या शिरोभागीं १६ फूट उंचीची विजयदेवता. वर्गांत आम्ही या इमारतीचा उल्लेख दास्याचें चिन्ह म्हणून करीत आलों होतों. परंतु सुंदर वस्तूपुढें डोळे आमचें ऐकेनात.

त्यांस ताब्यांत आणण्यासाठीं आम्ही इतिहास आठवूं लागलों, आणि तो मोठ्यानें बोलूंही लागलों. राणी १९०१ च्या जानेवारींत वारली आणि लॉर्ड कर्झननें ही कल्पना काढली. त्याच्या ऐन आधीं, १८९९-१९०० मध्यें, या देशांत भयंकर दुष्काळ पडला होता. आमचे आजोबा तेव्हां पांच वर्षांचे. पेजेसाठीं दारीं येऊन बसलेल्या माणसांविषयीं ते म्हातारपणींही खालच्या आवाजांत बोलत. आणि इकडे राजेरजवाड्यांपासून वर्गणी गोळा होऊन एक कोटी पांच लक्ष रुपये या दगडांत गेले. ती वर्गणी ऐच्छिक होती असें लिहिलेलें असतें. साहेबानें मागितलेली वर्गणी कितपत ऐच्छिक असते, हें नोकरी केलेल्या वाचकांस निराळें सांगावयास नको. पाया १९०६ सालीं घातला, दारें १९२१ सालीं उघडलीं. आणि मधल्या १९११ सालीं राजधानी दिल्लीस नेण्याचें जाहीर झालें. वास्तुशांतीपूर्वींच यजमानानें बिऱ्हाड हलविलें म्हणावयाचें! आराखडा विल्यम एमर्सन यांचा. बांधकाम मार्टिन कंपनीचें, जिचे एक भागीदार राजेंद्रनाथ मुखर्जी होते. हें शेवटलें नांव व्याह्यांनीं दोनदां उच्चारलें.

आंतील दालनांविषयीं फार लिहीत नाहीं. व्हेरेशचागिन या रशियन चित्रकारानें रंगविलेली, १८७६ सालीं जयपुरांत निघालेली राजपुत्राची मिरवणूक एवढी प्रचंड आहे कीं, हत्ती भिंतीवरून खालीं उतरतील असें वाटतें. आमचे गुडघे मात्र तेवढ्यांत बोलूं लागले आणि आम्ही दोघे बागेंत जाऊन बसलों.

नजर पुन्हां विजयदेवतेकडे गेली. वाऱ्याबरोबर फिरावी अशी तिची बैठक केलेली आहे. आम्हांस रघुवंशाचा चवथा सर्ग आठवला. रघूनें वंगांस उखडून काढलें आणि गंगेच्या प्रवाहांमधल्या बेटांवर जयस्तंभ रोविले. उपटून पुन्हां लाविलेल्या भाताची तेथली उपमा आम्हीं किती वर्षें रंगून शिकविली! तसें बोलून दाखवितांच व्याही मंद हसले आणि म्हणाले, “मास्टरमोशाय, आमच्याकडे जयस्तंभ रोवावयास पुष्कळ आले. तुमचेही आले होते.”

नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीनें भास्करराम कोल्हटकर १७४२ सालीं बंगालवर चालून गेले, हें आम्ही मुलांकडून सनासकट घोकून घेत असूं. ‘चौथाई’ची व्याख्या फळ्यावर लिहून देत असूं, परीक्षेंत तिला दोन गुण असत. परंतु त्याच सालीं कलकत्त्याच्या रहिवाशांनीं आमच्या भीतीनें खंदक खणावयास घेतला आणि त्यास ‘मराठा खंदक’ असेंच नांव पडलें, हें आम्हीं वर्गांत कधीं सांगितलें नव्हतें. कलकत्त्यापर्यंत स्वारी पोंचलीच नाहीं; खंदकही अपुराच राहिला. खेड्यापाड्यांचें नशीब तसें नव्हतें. तेथल्या लुटीचें, जाळपोळीचें आणि स्त्रियांच्या विटंबनेचें वर्णन गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें करून ठेविलें आहे, आणि त्या काव्याचें नांव ‘महाराष्ट्रपुराण’! सरकारी घोड्यावर बसणारा आमचा साधा बारगीर तिकडे ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतांत शिरला, तो अद्याप बाहेर पडलेला नाहीं. व्याही हें सर्व अगदीं सौम्यपणें सांगत होते. कर्झनची झाडाझडती घेतांना चढलेला आमचा स्वर मात्र कोठें गेला तें कळेना. आम्हीं शेंगदाण्यांची पुडी त्यांच्यापुढें केली.

रात्रीं विहीणबाई नातवास मांडीवर थोपटीत गुणगुणत होत्या. बंगाली आम्हांस कळत नाहीं. पण तो एक शब्द कानांनीं बरोबर टिपला. आम्ही दारांत उभे आहों हें ध्यानीं येतांच त्या ओशाळून थांबल्या. आमच्या कुटुंबास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. “थांबलांत कां, विहीणबाई? चाल किती गोड आहे!” असें तिनें मोडक्या हिंदींत म्हटलें.

विहीणबाईंनीं आमच्याकडे पाहिलें. “म्हणा,” आम्ही म्हणालों. त्यांनीं सोडला होता तेथूनच सूर उचलला. नातू तोंवर निजला होता.