राबाचा पुरावा

कायद्याच्या विद्यार्थिनीनं एक सत्र परदेशात काढावं ते कशासाठी, हे मला जाताना कुणालाच नीट सांगता आलं नव्हतं. डॉक्टर तिथे शिकलेली शस्त्रक्रिया इथे करतो, इंजिनिअरचा पूल दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. कायदा मात्र सीमेपाशी थांबतो. नॉर्वेचं कलम मुरबाडच्या कोर्टात कोण ऐकून घेणार? आत्यानं तर सरळच विचारलं, "मग वकिली कुठं करशील गं, बर्फात?"

कॉलेजचा करार होता, त्यामुळे तिथल्या विद्यापीठाला फी द्यायची नव्हती. राहण्याखाण्याचा खर्च मात्र आपला, आणि तो आपल्याला झेपतो हे व्हिसाच्या आधी बँकेच्या कागदांवर दाखवायचं. बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. त्याविषयी अधिक लिहिलेलं त्यांना आवडणार नाही.

मी गेले ते ट्रॉम्सो हे नॉर्वेतलं गाव ध्रुववृत्ताच्या बरंच वर आहे. विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झालं, उत्तरेकडच्या मुलांना शिक्षणासाठी दक्षिणेत जावं लागू नये म्हणून. हे कारण मला लगेच कळलं. आमचं वैशाखरे कल्याण-नगर रस्त्यावर, टोकावडे सोडलं की घाटाच्या बाजूला. पुढे मोरोशी, मग माळशेज. नाणेघाटाची वाट इथूनच जवळ फुटते. वर लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दक्षिणा दिली याची यादीच त्यात कोरलेली आहे. आमच्या भागातला बहुधा हा सर्वांत जुना दस्तऐवज. ज्या रानातून तो घाट चढतो त्या रानात राहणाऱ्यांबद्दल त्यात एक ओळ नाही. दस्तऐवजांची ही सवय पुढेही मोडली नाही.

मी ऑगस्टमध्ये पोचले तेव्हा सगळं गाव बादल्या घेऊन डोंगरावर चाललेलं. बेरी वेचायला. कुणाच्या जमिनीत, असं मी विचारलं तर सोबतच्या मुलीला प्रश्नच कळला नाही. नॉर्वेत 1957 चा एक कायदा आहे. पडीक डोंगर-रान कुणाच्याही मालकीचं असो, त्यात कुणीही चालावं, फळं-अळंबी वेचावी, घरांपासून दीडशे मीटर लांब तंबू ठोकावा. शेतात मात्र जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असेल तेव्हाच पाय टाकायचा. हा हक्क कायद्यानं दिलेला नाही. आधीपासून चालत आलेला होता तो 1957 मध्ये लिहून घेतला, एवढंच. त्यात एक गमतीचा अपवादही आहे. उत्तरेत क्लाउडबेरी नावाचं पिवळं फळ फार मोलाचं. मालकानं मनाई केली तर ते घरी नेता येत नाही, पण जागच्या जागी खाल्लं तर चालतं. कायद्यानं भूक मान्य केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं वाचलेलं नाही.

आमच्याकडे मे महिन्यात माळशेजच्या रस्त्याला ठाकर बाया पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. पहिल्या पावसाआधी शेवळं येतात. पण मोळी घेऊन येणाऱ्या बायका मागून मोटारसायकलचा आवाज आला की पायवाट सोडून झुडपात सरकतात. फॉरेस्टवाला नसतो बहुतेक वेळा, एखादा दूधवाला असतो. लहानपणी मला हे सरकणं उन्हातून सावलीत सरकण्याइतकंच साधं वाटायचं. त्यामागे वनकायदा आहे, तोही 1927 चा, हे ट्रॉम्सोच्या डोंगरावर त्या मुलीला सांगायला लागले तेव्हा माझं मलाच विचित्र वाटायला लागलं.

तिथे मूलनिवासींच्या हक्कांचा एक विषय होता. त्यात स्वार्तस्कोगनचा निकाल शिकवला, 2001 चा, नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाचा. ट्रॉम्सोच्या पूर्वेला मानडालेन नावाचं खोरं आहे, तिथल्या रानाचा वाद. मालकीचे कागद सरकारकडे. खोऱ्यातले लोक मूलनिवासी सामी, नॉर्वेजियन आणि क्वेन असे मिसळलेले, आणि त्यांच्याकडे दाखवायला फक्त वापर होता. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी लाकूड तोडलं, गवत कापलं, गुरं चारली, आणि हे सगळं रान आपलंच आहे असं समजून केलं. सरकारचं म्हणणं, या लोकांनी स्वतःच अर्जांमध्ये मालकी नाही, वापराचा हक्क असं लिहिलंय. न्यायालयानं ते निर्णायक मानलं नाही. लोक काय लिहीत होते यापेक्षा कसे वागत होते ते पाहिलं, आणि रान खोऱ्यातल्या लोकांचं सामूहिक ठरलं.

आमच्या प्राध्यापकांनी मला विचारलं, तुमच्याकडे असा दावा आला तर लोक कोणता वापर दाखवतील? माझ्या तोंडून पटकन निघालं, राब.

मग राब समजावून सांगणं आलं. भाताची रोपं जिथे करायची त्या जागेवर शेण, ऐनाची नाहीतर मिळेल त्या झाडाची कवळं, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि पावसाआधी भाजायचं. त्यासाठी दरवर्षी झाडांच्या फांद्या उतरवायला लागतात, म्हणजे दरवर्षी रानाशी संबंध येतो. इंग्रजांच्या वनखात्याला हे रानाची नासाडी वाटलं, कुणबी-ठाकरांना त्याशिवाय भात होत नव्हता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 चा.

हे मला मुंबईच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर संपता संपता तिथे सूर्य उगवायचाच बंद होतो. त्या दिवसांत ग्रंथालयात बसून मी 1882 चं ठाणे गॅझेटियर संगणकावर वाचत होते. आमच्याच गावाकडची शेती साहेबाच्या इंग्रजीत, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर. त्याच बैठकीत वनहक्क कायद्याचा नियम 13 पुन्हा उघडला. परीक्षेपुरता तो आधी वाचला होता. पुरावा म्हणून काय चालेल त्याच्या यादीत गॅझेटियर आहे, सरकारी आयोगांचे अहवाल आहेत, आणि दावेदाराशिवाय इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही आहे. म्हणजे मानडालेनच्या लोकांना न्यायालयात झगडून मिळालं त्यातलं बरंच काही आमच्याकडे 2008 पासून छापील नियमांत पडून आहे. कायद्यातल्या भाषेच्या बाबतीत आपण गरीब नाही. हे कळायला नॉर्वेला जावं लागावं याचं वाईट वाटून घ्यायचं मी सोडून दिलंय.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. कोफ्योर्ड भागातल्या सामी नावांच्या पाट्यांवर लोकांनी गोळ्या झाडल्या आहेत. आल्टा नदीवरच्या धरणाविरुद्ध सामींनी 1979 मध्ये ओस्लोत संसदेसमोर उपोषण केलं. 1982 मध्ये खटला हरले, धरण झालं. पण त्या आंदोलनाच्या रेट्यातूनच सामी कायदा आला आणि 1989 मध्ये त्यांची स्वतःची संसद उभी राहिली. फोसेनमध्ये उलट घडलं. तिथल्या 151 पवनचक्क्यांचा परवाना सामी रेनडियर पाळणाऱ्यांच्या संस्कृतीच्या हक्कावर घाला घालतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑक्टोबर 2021 रोजी सांगितलं. मी तिथे होते त्या सत्रात त्या निकालाला वर्ष उलटलं, आणि पाती फिरतच होती. मी परतल्यावर, फेब्रुवारी 2023 मध्ये, निकालाच्या पाचशेव्या दिवशी सामी मुलं मंत्रालयात ठिय्या देऊन बसली. सरकारनं माफी मागितली. पुढे तडजोडी झाल्या, पवनचक्क्या उभ्याच राहिल्या.

हरलेल्या खटल्यानं संसद मिळते आणि जिंकलेल्या खटल्यानं पातंसुद्धा थांबत नाही, हे एकाच वर्गात शिकल्यावर मला आमच्या शेजारचा शहापूर तालुका आठवणं साहजिक होतं. तिथलं तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतंय, नंतर वैतरणा, भातसा. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. इथे तर खटलाच उभा राहिलेला नाही.

मी पौषात, म्हशाच्या जत्रेच्या आधी परतले. बाबांनी तिथल्या सुक्या मासळीची चौकशी केली, कर्जाची नाही.

आता मुरबाडला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते. बरंचसं काम सातबाऱ्याच्या इतर हक्कांतल्या एका नोंदीचं असतं, खाजगी वन. 1975 चा कायदा 30 ऑगस्टला लागू झाला आणि जुन्या नोटिशींच्या आधारे कितीतरी वरकस जमिनी एका रात्रीत सरकारच्या झाल्या. त्यातल्या अनेकांना नोटीस कधी मिळालीच नव्हती. नुसती काढलेली नोटीस पुरेशी नाही, ती बजावलेली हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं, पण मुलुंड-विक्रोळीच्या इमारतींच्या प्रकरणात. फ्लॅटवाल्यांच्या आधी एखादा वरकसवाला तिथवर पोचला असता तर, असा विचार मी कामाच्या वेळात करत नाही.

शनिवारी ठाकरवाडीत जाते. सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायचाय. गॅझेटियरची पानं आणि आयोगाच्या अहवालातला राबाचा भाग छापून नेला, मराठीत सांगितला. वाडीच्या वनहक्क समितीतल्या एका आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, साहेबानं लिवलेलं चालतं, तर मी सांगतो ते कशाला नाय चालत?"

नियमात दोन्ही चालतं, मी म्हटलं. कार्यालयात कुठलं चालतं ते तिथे गेल्यावर कळेल.

कोणत्या डोंगराची कवळं कोणत्या वाडीनं तोडायची, हे त्यांनी मग नावानिशी सांगितलं, ओढ्यापासून कड्यापर्यंत. लिहून घ्यायला दुपार गेली. दाव्याला तो जबाब पहिला जोडलाय, गॅझेटियर त्याच्यामागे.