पेन्शन माझी नव्हती

मार्च २०२३ मध्ये आमच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न होता : १४ तारखेपासून सरकारी कर्मचाऱ्यांचा संप, तेव्हा त्या दिवशी मस्टरवर हजेरीची सही करायची की नाही? ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा एव्हाना पोरांनाही पाठ झाली होती.

माझी अडचण वेगळी होती. मी १९९८ साली लागलो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहेच : शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. माझ्या शेजारी बसणारे सर त्या तारखेनंतरचे. तेच वर्ग, तेच तास. पण त्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जात, बाजारात गुंतवले जात आणि म्हातारपणी हातात काय पडेल ते बाजार ठरवणार होता. म्हणजे संप त्यांचा. मला मिळण्यासारखं काही नव्हतं, बुडण्यासारखा पगार तेवढा होता.

त्यातच अवकाळी पाऊस आला. गावी भावाचा काढणीला आलेला गहू गारांनी झोपला आणि पंचनाम्याला यायचे ते तलाठी संपावर. भाऊ फोनवर म्हणाला, “दादा, तुमची पेन्शन तुम्हाला लखलाभ. आमच्या गव्हाचं काय?” मी गप्प राहिलो. त्याला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही. संपाचा भार सरकारवर कमी आणि दारात ताटकळणाऱ्यावर जास्त पडतो, हे संपवाल्यांनी तरी नाकारू नये. शिवाय आमची जोखीम ती केवढी! १९८२ च्या जानेवारीत मुंबईचे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांच्यातल्या कित्येकांना परतायला गिरणीच उरली नाही. आमचे फार तर काही दिवसांचे पैसे जाणार होते.

तरी मी सही केली नाही. कारण साधं आहे. १९७७-७८ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी महागाई भत्त्यासाठी ५४ दिवस संपावर होते. तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. त्यांच्या लढ्याचं फळ मी नोकरीभर मुकाट खाल्लं. आता माझी पाळी आल्यावर ‘हा माझा प्रश्न नाही’ म्हणायचं? सरकारने एका तारखेने स्टाफरूमचे दोन भाग केले होते; मी सही केली असती तर ती रेघ मीच गडद केली असती.

दहावीच्या पेपरांना मात्र पर्यवेक्षणाला गेलो. पोरांची परीक्षा वर्षातून एकदा असते, आमच्या मागण्या पुढच्या महिन्यातही करता येतात. ‘अर्धा संपकरी’ म्हणून संघटनेतल्या मित्रांनी टोमणे मारले, ते ऐकून घेतले.

२० मार्चला आश्वासनावर संप मिटला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. पुरेशी सेवा झालेल्यांना तीत निम्म्या पगाराची हमी आहे, पण दहा टक्क्यांची कपात कायम आहे.