पक्ष, साध्य आणि एक पातळ पत्रा

अध्यापनाच्या वीस वर्षांत आम्हांस एक प्रश्न वारंवार ऐकावा लागला आहे: "भूमितीत 'पक्ष' लिहिल्याचे गुण किती?" विद्यार्थ्यांचे सारे लक्ष सिद्धतेकडे असते; पक्ष ते घाईने लिहून मोकळे होतात. या प्रश्नास आम्ही हल्ली कृत्रिम उपग्रहाच्या फलकांची हकीकत सांगून उत्तर देतो.

उपग्रह अवकाशात स्थिरावल्यावर त्याच्या फलकांवर भार असा फारसा पडत नाही. खरी कसोटी उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत होते. अग्निबाण त्यांस जोराने वर लोटतो, हादरवितो आणि त्याच्या गर्जनेनेही ते थरथरतात. फलक जाड करावा, तर वजन वाढते. म्हणून दोन पातळ पत्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी बसवितात. पत्रे तेच ठेवून त्यांमधील अंतर दुप्पट केले, तर ताठपणा सुमारे चौपट होतो. वजन मात्र थोडेच वाढते.

कंपाचे तत्त्व समजण्यास मेजाच्या कडेवर दाबून धरलेली पट्टी पुरे. बाहेरचा भाग आखूड केला की कंप जलद होतात. प्रत्येक फलकासही असा स्वतःचा कंप असतो. अग्निबाणाचा कंप त्याच्याशी जुळला, तर वेळ साधून झोका दिलेल्या झोपाळ्याप्रमाणे हेलकावा वाढत जातो. यास्तव अभियंते तो कंप आधी गणिताने काढतात; मग फलक यंत्रावर हादरवून व प्रचंड आवाजाच्या दालनात ठेवून पडताळा पाहतात.

इतके करूनही घात कोठे होतो? 14 मे 1973 रोजी अमेरिकेने 'स्कायलॅब' हे अवकाशस्थानक सोडले. उल्काकणांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यास पातळ पत्र्याचे कवच होते. उड्डाणानंतर सुमारे 63 सेकंदांनी ते फाटून उडाले. त्यापायी एक सौरपंख तुटून गेला व दुसरा कवचाच्या तुकड्यात अडकून पडला. चौकशीत आढळले ते असे: कवचावर बोगद्यासारखी एक पोकळी होती. तिचे मागील तोंड बंद आहे, असे धरून हवेच्या दाबाचे गणित केले होते. प्रत्यक्षात तेथे फटी होत्या! आत दाब वाढला, कवचाची कड उचलली गेली आणि वेगवान वाऱ्याने ते ओरबाडून नेले. गणित करणारे, आराखडा काढणारे व घडविणारे यांनी ही गोष्ट एकमेकांस नीट कळविलीच नव्हती. कवच टाकीस घट्ट चिकटून राहील, हेही सहा वर्षे सर्वांनी धरूनच चालले होते.

पुढे 7 जून 1973 रोजी पीट कॉनरॅड व जोसेफ केर्विन यांनी जिवावर उदार होऊन स्थानकाबाहेर पाऊल टाकले आणि अडकलेला पंख मोकळा केला. कागदावरील एका ओळीची भरपाई माणसांस अशी करावी लागली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या अशा फलकाचे गणित मांडील. सिद्धता निर्दोष असली, तरी पक्ष वस्तुस्थितीशी जुळला नाही तर साध्य हाती येत नाही. आकडे मांडण्यापूर्वी ज्याने ती वस्तू घडविली त्यास जाऊन विचारावे, "हे तोंड खरोखर बंद आहे ना?" पक्षाचे गुण किती, याचे आमचे उत्तर हेच.